कोकणात कोणी ॲनिमेशनची मूळ चित्रं जमवतं का? (सेल, ड्रॉइंग, बॅकग्राउंड)

पागोळी | ६ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी कुडाळची. थेट विचारते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत, फार तर रायगडात, ॲनिमेशनची मूळ चित्रं जमवणारं कोणी आहे का? पोस्टर नाही, प्रिंट नाही, बाहुल्या नाहीत. कॅमेऱ्याखाली प्रत्यक्ष गेलेलं सेल, त्यासाठीचं पेन्सिल ड्रॉइंग, लेआउट (दृश्याच्या मांडणीचा आराखडा), रंगवलेली बॅकग्राउंड.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी: संगणक येण्याआधी कार्टून फिल्ममधलं हलणारं पात्र ॲसिटेटच्या पारदर्शक शीटवर काढत, तेच सेल. पुढून रेषा, मागून रंग. हे शीट कडेच्या भोकांनी पेगवर (खुंट्यांवर) अडकवून बॅकग्राउंडवर ठेवायचं, कॅमेऱ्याने टिपायचं, उचलायचं, पुढचं ठेवायचं. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, आणि तीही एकाच पात्राची. म्हणजे माझ्या कपाटात जे आहे ते पडद्यावर डोळ्याची पापणी लवण्याआधी येऊन गेलेलं आहे. अमेरिकेत अर्ल हर्डने १९१४ च्या सुमारास काढलेली ही पद्धत जपानच्या ‘साझाए-सान’ मालिकेने २०१३ पर्यंत चालवली. बाकीच्यांनी त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधीच सोडून दिली होती.

माझ्याकडे बहुतेक जपानी टीव्ही मालिकांची सेल्स आहेत, ८०-९० च्या दशकातली. कारण साधं आहे, परवडतात. गाजलेल्या पात्रांची नाही परवडत, पण गर्दीतला एखादा म्हातारा, पाठमोरी शाळकरी पोरं, पावसात थांबलेली बस, अशी चित्रं लिलावात कोणी बघत नाही. मला तीच आवडतात.

परदेशी संग्राहकांचे ग्रुप आहेत, त्यांनी मला बरंच शिकवलंय, नावं ठेवणार नाही. पण ‘तळघरात ठेव, थंड आणि कोरडं असतं’ असं कोणी म्हणालं की पुढे काय बोलायचं? आमच्याकडे जुलैत भिंतीवर हात टेकला तर तळवा ओला होतो. आणि फोटो टाकून किती दिवस ‘वा वा’ गोळा करणार. समोर बसून, उजेडाकडे धरून, दाखवायला माणूस हवाय. घरच्यांनी हात टेकलेत. पोस्टमन पार्सल देताना विचारतो, ‘मॅडम, परत कार्टून?’

असेल कोणी तर बोला.

निवांत_नाना | ६ एप्रिल, रात्री १०:४०

ह्यां काय नवीन आता? माका वाटला सेल म्हणजे बॅटरीचो. आमच्या देवगडात पावसात घातलेले कपडे सुकनत नाय, तू ही कागदां कशी सुकवतलंस? फ्रिजात ठेव बाये, बांगड्याच्या बाजूक.

(पण धागा चांगलो आसा. वाचतंय.)

कट_नंबर_४७ | ६ एप्रिल, रात्री ११:२५

अरे! मी मूळचा चिपळूणचा, आता ठाण्यात. आठ-दहा वर्षं जमवतोय. कोकणात आणखी कोणी असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

माझा मुख्य विषय १९९२ चा ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’. युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांनी दिग्दर्शित केलेला ॲनिमेशनपट. सुमारे एक लाख सेल्स हाताने केलेली, असं निर्माते सांगत आलेत. त्यातली काही बाजारात येतात. २०२५ च्या जानेवारीत सिनेमा इथल्या चित्रपटगृहांत लागला आणि लोकांना एकदम बालपण आठवलं. आनंद आहे, पण मला आता तीच सेल्स परवडेनाशी झालीत!

पागोळी, तुमच्या जपानी सेल्सच्या कोपऱ्यात A-७, B-३ असं काही लिहिलंय का? आणि सोबत दोगा आलाय का? (ज्यावरून सेल ट्रेस करतात ते कागदावरचं ड्रॉइंग.) त्यावर कट नंबर, म्हणजे शॉटचा क्रमांक असतो. त्यावरून भाग शोधून नेमकी फ्रेम पकडता येते. निम्मी मजा त्यात आहे, निदान माझी तरी. नाव तसं उगाच नाही घेतलेलं.

हेदवीकर | ७ एप्रिल, सकाळी ७:५०

मला एकाने ‘लायन किंग’चं मूळ प्रॉडक्शन सेल देऊ केलंय. सर्टिफिकेटसकट. घ्यावं का?

कट_नंबर_४७ | ७ एप्रिल, सकाळी ८:०५

नका घेऊ. निदान ‘प्रॉडक्शन’च्या भावाने तर नकोच. डिस्नेच्या मोठ्या चित्रपटांत हाताने रंगवलेल्या सेल्सची पद्धत १९८९ च्या ‘लिटल मर्मेड’पर्यंत. १९९० च्या ‘रेस्क्युअर्स डाउन अंडर’पासून रेषा कागदावर आणि रंग संगणकात. लायन किंग १९९४ चा. त्याचं कॅमेऱ्याखाली गेलेलं सेल अस्तित्वातच नाही. तुम्हाला दाखवतायत ते बहुधा सेरीसेल, म्हणजे विक्रीसाठी स्क्रीन प्रिंटिंगने छापलेलं. आवडलं तर भिंतीवर लावायला घ्या, पण छापील चित्राच्या किमतीत. लायन किंगची मूळ पेन्सिल ड्रॉइंग मात्र असतात, ती वेगळी गोष्ट.

सर्टिफिकेटवर भरवसा ठेवू नका. सेल उलटं करून बघा. प्रत्येक रंगाची कड हाताने भरलेली, कुठे जाड कुठे पातळ दिसते का. कडेला पेगची भोकं आहेत का. क्रमांक आहे का. यातलं काही नसेल तर विचारायला सुरुवात करा.

हेदवीकर | ७ एप्रिल, सकाळी ८:११

वाचलो. धन्यवाद.

तिठ्यावरचा | ७ एप्रिल, दुपारी १:३०

मला एक कळत नाही. स्टुडिओने काम झाल्यावर टाकून दिलेलं सामान परदेशातून पैसे मोजून आणायचं, वर कस्टम भरायचं, आणि मग ‘समूह’ शोधायचा. इथे गावागावांत देवळांच्या भिंतींवरची चित्रं ऑइल पेंट मारून बुजवतायत, त्यांच्यासाठी कोणी धागा काढत नाही.

पागोळी | ७ एप्रिल, संध्याकाळी ६:५५

काढा ना तुम्ही. पहिला प्रतिसाद माझा.

टाकून दिलेलं म्हणाल तर बरोबर आहे. जपानी स्टुडिओंतून सेल्स कचऱ्यात जात, चाहत्यांना वाटून टाकत. अमेरिकेतही सुरुवातीला धुऊन पुन्हा वापरत. १९३८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्वाझिए गॅलरीने ‘स्नो व्हाइट’ची सेल्स चौकटीत घालून विकायला घेतली, तेव्हा कुठे कोणाला वाटलं की हे भिंतीवर लावण्याजोगं आहे. मला त्यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. भंगारवाल्याकडून समई आणली तर तुम्ही कौतुक कराल.

प्रयोगवही | ७ एप्रिल, रात्री ९:२०

रत्नागिरी. मी संग्राहक नाही. रसायनशास्त्र शिकवते आणि जुन्या फोटो-निगेटिव्हच्या जतनात थोडं काम केलंय. आजोबांच्या निगेटिव्ह वाचवताना शिकावं लागलं. नानांच्या फ्रिजवरून सुरू करते, कारण ती कल्पना वाटते तितकी वेडगळ नाही.

सेल बहुतेक सेल्युलोज ॲसिटेटचं. (१९४० च्या आधीचं अमेरिकन असेल तर नायट्रेट, म्हणजे पेट घेणारं, तसलं घरात नकोच.) उष्णता आणि ओल मिळाली की ॲसिटेटमधून ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि सुटलेलं ॲसिड पुढची मोडतोड आणखी वेगाने करतं. व्हिनेगरचा वास यायला लागला, शीट आक्रसून लहरी पडल्या, की समजायचं. ताज्या ॲसिटेट फिल्मसाठीचा नेहमीचा हिशोब असा: २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला हा वास सुरू व्हायला साधारण ४० वर्षं. आपल्याकडे २१ अंश कधी असतं आणि पावसाळ्यात आर्द्रता किती असते ते तुम्हीच बघा. आणि पागोळींची सेल्स आधीच तीस-चाळीस वर्षांची आहेत.

म्हणून थंडावा हवा. मोठी संग्रहालयं फिल्म शीतगृहात ठेवतात ते उगाच नाही. पण घरचा फ्रिज सारखा उघडतो, बाहेर काढलं की गार शीटवर दव धरतं, आणि आपल्याकडची वीज! २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळानंतर सिंधुदुर्गात कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. बंद फ्रिजमध्ये आत साचलेल्या ओलीत ॲसिटेट ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

मी काय करेन? घरातली मधली खोली, बाहेरची भिंत नसलेली. सिमेंटच्या भिंतीला चिकटलेलं कपाट नको, जमिनीवर नको, माळ्यावर तर अजिबात नको (कौलाखाली एप्रिलमध्ये किती तापतं). पावसाळ्यात त्या खोलीत डीह्युमिडिफायर, आणि हवेतली आर्द्रता मोजणारा साधा हायग्रोमीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये. त्याहून खाली ओढू नका! गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटने डिस्नेच्या संग्रहावर काम केलं, त्यात दिसलं की हवा फार कोरडी झाली तर रंगाचे पापुद्रे शीटवरून सुटतात. उलट ओलावा हळूहळू, नियंत्रणात वाढवला तर सुटलेला रंग काही वेळा पुन्हा धरतो. म्हणजे आपली कोकणची हवा शीटला मारते आणि रंगाला सांभाळते. मधला रस्ता काढायचा.

डांबरगोळ्या, कापूर आत टाकू नका. प्लास्टिक आणि रंग दोन्हींना भोवेल. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या, आणि तोंड पूर्ण बंद करू नका. सुटलेलं ॲसिड बाहेर जायला वाट हवी. ज्याला वास येतो ते इतरांपासून वेगळं, कारण त्याची वाफ शेजारच्यालाही बाधते.

कट_नंबर_४७ | ७ एप्रिल, रात्री ९:४४

वाखुसा (वाचनखूण साठवली)! इतकी वर्षं मी पिशव्यांना टेप मारून बंद करत होतो. उद्या सगळ्या उघडतो.

प्रयोगवही | ७ एप्रिल, रात्री ९:५०

एक राहिलं. ए-डी स्ट्रिप नावाच्या कागदी पट्ट्या मिळतात, चित्रासोबत ठेवायच्या. निळी राहिली तर ठीक, हिरवी होत गेली तर ॲसिड सुटतंय, पिवळी झाली तर फार झालं. नाकापेक्षा भरवशाच्या. पाकीट महाग पडतं, चार-पाच जणांनी मिळून मागवलं तर परवडेल.

ब्रशवाली | ९ एप्रिल, दुपारी ३:१५

मी गुहागरला असते. इथे नेहमी फक्त वाचते, लिहीत नाही. मुलीने हा धागा दाखवला म्हणून खातं उघडलं.

मी मुंबईत इंक अँड पेंटमध्ये, म्हणजे सेलवर रेषा मारून रंग भरायच्या कामावर होते. जाहिरातपटांचा स्टुडिओ. नाव सांगत नाही, आता बंद आहे. आम्ही दहा-बारा मुली एका लांब खोलीत. सुती हातमोजे, त्याची अंगठ्याजवळची दोन बोटं कापलेली, कारण निब धरायला बोटं उघडी हवीत आणि तळहात शीटला लागता कामा नये. घामाचा डाग पडला की शीट गेलं. मे महिन्यात पंखा लावता यायचा नाही, रंग वाळताना धूळ बसते म्हणून.

तुम्ही सगळे सेलच्या पुढल्या बाजूचे फोटो टाकताय. मागची बाजू दाखवाल का कोणी?

पागोळी | ९ एप्रिल, दुपारी ३:४०

ताई, लगेच. बस थांब्यावरचा म्हातारा. [फोटो] [फोटो]

ब्रशवाली | ९ एप्रिल, संध्याकाळी ५:०५

चश्मा लावून बघितलं. आता सांगते, तुम्हाला पटतंय का बघा.

मागून रंगवताना जे आधी लावाल तेच पुढून दिसतं. म्हणून बारीकसारीक भाग आधी, मोठे नंतर. ह्यात गालावरची सावली आधी भरली आहे, मग तोंडाचा रंग तिच्यावर चढवलाय. बरोबर. छत्रीच्या दांड्याशी मात्र घाई झाली आहे, कोटाचा रंग दांड्याच्या रेषेबाहेर केसभर गेलाय. पुढून दिसत नाही कारण रेषेखाली लपतो. असं चालायचं. सुपरवायझर पुढूनच तपासायची!

दुसरं. कोट ज्या हाताने भरला त्याच हाताने तोंड नाही भरलेलं. तोंडाचा रंग सोडलेला आहे, म्हणजे ब्रशने ओढत नाहीत, थेंब सोडून तो कडेपर्यंत ढकलत नेतात. थर एकसारखा बसतो. कोटावर ब्रशच्या रेघा आहेत. नवीन मुलगी असेल. नाहीतर रात्रपाळी.

आणि तुमच्या म्हाताऱ्याच्या कोटाचा करडा मूळ करड्यापेक्षा फिका असणार. हे सेल सगळ्यात खालच्या थरावरचं आहे ना? वर आणखी दोन-तीन शीट चढली की खालचा रंग मंद दिसतो, तेवढ्यासाठी खालच्या थराचा रंग मुद्दाम उजळ घेत. आमच्याकडे त्याच रंगाच्या तीन बाटल्या असायच्या, थराप्रमाणे.

पागोळी | ९ एप्रिल, संध्याकाळी ५:२२

कोपऱ्यात A लिहिलंय. सगळ्यात खालचं. मी हे चित्र चार वर्षं बघतेय आणि मला हे काहीच दिसलं नव्हतं.

कट_नंबर_४७ | ९ एप्रिल, संध्याकाळी ५:३०

ताई, मी तुमच्याकडे गुहागरला येऊ का? आत्ता निघतो.

ब्रशवाली | ९ एप्रिल, संध्याकाळी ६:००

या, पण माझ्याकडे दाखवायला एकही सेल नाही. शूटिंग झालं की आम्हीच धुवायचो. टबात पाणी, रंग सुटायचा, शीट पुसून पुन्हा रॅकवर. चांगली शीट महाग होती. जी फार ओरखडली ती पोरांनी वह्यांना कव्हर म्हणून नेली. माझ्याजवळ एक रंगांचा तक्ता आहे आणि निबचा दांडा.

तिठ्यावरचा | ९ एप्रिल, रात्री ९:१०

हे वाचून मी माझा वरचा प्रतिसाद अर्धा मागे घेतो. कस्टमबद्दलचा अर्धा ठेवतो.

एक खरंच विचारायचंय. हे संग्राहक एकमेकांचे मित्र कसे राहतात? लिलावात तर एकमेकांविरुद्धच बोली लावत असणार.

कट_नंबर_४७ | ९ एप्रिल, रात्री १०:३५

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. माझ्या एका जवळच्या संग्राहक मित्राला मी अगदी उत्साहाने एका लिलावाची लिंक पाठवली होती. शेवटच्या काही सेकंदांत दुसऱ्याच कोणी घेतलं. सहा महिन्यांनी ते त्याच्या गॅलरीत दिसलं. त्याने नियम मोडला नव्हता, लिलाव सर्वांना खुला होता. पण त्यानंतर आमच्यातल्या गप्पा ‘काय चाललंय’च्या पुढे गेल्या नाहीत.

परदेशी लोकांत एक रीत आहे, आपली चित्रं रबरस्लगसारख्या संकेतस्थळावर गॅलरी करून मांडायची आणि कुठल्या पात्राच्या, कुठल्या मालिकेच्या मागे आहोत ते उघड सांगायचं. मग निदान अंधारात टक्कर होत नाही. ‘तू थांब, मी घेतो’ असं ठरवून बोली पाडणं मात्र मला पटत नाही, विकणाऱ्याची फसवणूक आहे ती. माझं मत असं: ज्यांच्याशी गप्पा मारायच्या त्यांच्याशी चालू लिलावाबद्दल बोलायचं नाही. मिळाल्यावर बोलायचं. आणि किंमत विचारायची नाही. किंमत आली की चित्र बाजूला पडतं.

व्यवस्थापन | ९ एप्रिल, रात्री ११:००

धाग्यात खरेदी-विक्रीचे दर, फोन नंबर, घरचे पत्ते देऊ नयेत. भेट ठरवायची असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) वापरा. दुसरं, सेल मालकीचं असलं तरी पात्राचा कॉपीराइट तुमचा होत नाही. फोटो दाखवणं वेगळं, त्याचे टी-शर्ट छापणं वेगळं. (मागे एका धाग्यावर झालंय.)

सांजवात | ११ एप्रिल, सकाळी ११:३०

पागोळी, तू कुडाळात राहून एवढी लांब जपानपर्यंत शोधत गेलीस आणि पिंगुळीला गेलीस का कधी? पाच-दहा मिनिटांवर. ठाकर समाजाची चित्रकथी. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचं कलाआंगण तिथेच. पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा, एका आख्यानाचा. कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, दोन्ही बाजूंना चित्र. समोर एक चित्र धरायचं, गाणं म्हणायचं, कथा पुढे सरकली की ते बाजूला आणि पुढचं. तुझ्या त्या कट नंबरवाल्याला हे आवडेल.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफाही बघ. दशावतारी गंजिफेचे १२० पत्ते, हाताने रंगवून वर लाखेचं रोगण. ते रंगवणारे कारागीर दमट हवेत रंग कसे सांभाळतात ते विचारायला हवं, रत्नागिरीच्या ताईंच्या डीह्युमिडिफायरच्या आधी ते काय करत होते.

अवांतर: शाळेत दूरदर्शनवर बघितलेलं ‘एक अनेक और एकता’ आठवतंय का? १९७४ चं. त्याचं संगीत वसंत देसाईंचं, ते मूळचे आपल्या सावंतवाडीकडचे.

निवांत_नाना | ११ एप्रिल, दुपारी १२:०५

हिंद देश के निवासी... आता दिवसभर डोक्यात वाजतला. धन्यवाद हा.

पागोळी | ११ एप्रिल, रात्री ८:४५

पिंगुळीला शाळेच्या सहलीत गेले होते. तेव्हा चामड्याच्या बाहुल्या बघून घाबरले होते एवढंच आठवतं.

तर मंडळी, ठरवूया का? मे महिन्याचा दुसरा रविवार. आगोटची (पावसाळ्याआधीच्या बेगमीची) धावपळ सुरू व्हायच्या आत, आणि पावसाळी वेळापत्रक लागायच्या आत, म्हणजे गाड्या वेळेवर असतील (हसू नका). मांडवी आणि कोकणकन्या दोन्ही कुडाळला थांबतात. सकाळी माझ्या घरी, दुपारी पिंगुळी. पत्ता व्यनिने. जमवत असलंच पाहिजे असं नाही. विक्रीचं काही आणू नका.

कट_नंबर_४७ | १५ मे, रात्री ११:५०

वृत्तांत मी लिहितो, पागोळी झोपली असेल.

जमवणारे आम्ही दोघंच निघालो. बाकीचे: ब्रशवाली ताई आणि त्यांची मुलगी, प्रयोगवही (हायग्रोमीटर घेऊन, पर्समध्येच असतो म्हणे), सांजवात, तिठ्यावरचा (हो!), आणि नाना, देवगडहून हापूसची पेटी घेऊन. नाना प्रत्यक्षात शुद्ध पुणेरी मराठी बोलतात, हे जाहीर करायला मला मजा वाटतेय.

पडवीत बसायचं ठरलं होतं, प्रयोगवहीने काटा बघून सगळ्यांना माजघरात हलवलं. पडवीत ७८, आत ६१. जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर, खिडकीचा उजेड तिरपा, ऊन थेट नाही. हात धुवून, पुसून. आंबे चित्रं आवरल्यावरच, हा नियम ताईंचा आणि त्यावर अपील नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो माझ्या एका सेलवर. रामायणातलंच, वानरसेनेतलं एक वानर. त्याच्या मागे दोगा चिकटलाय. मागचा रंग ओलीने चिकट होतो आणि कागद धरून बसतो, जमवणाऱ्यांना हे नेहमीचं. मला तो सोडवायचा होता. प्रयोगवहीच्या मते प्रयोग करून बघता येईल, एका कोपऱ्यात, थंडावा देऊन. ताई म्हणाल्या, हात लावू नका. कागद ओढलात तर रंग कागदाबरोबर येणार, आणि ह्या वानराचं पोट एका दमात सोडलेलं आहे, जोड दिसत नाही, असं काम मला दहा वर्षांत दोनदा जमलं असेल. तिठ्यावरचा म्हणाला, चिकटला तर चिकटला, तोही त्याच्याच घरचा आहे. वाद मिटला नाही. दोगा अजून तिथेच आहे.

ताईंनी रंगांचा तक्ता आणला होता. छोटे चौकोन, प्रत्येकावर नंबर, पिवळ्या पडलेल्या कागदावर. पागोळीने विचारलं, हा विकाल का. मग स्वतःच म्हणाली, नको, विसरा. ताईंनी तो नाहीच दिला, पण तिला एक रिकामं शीट आणि निब देऊन रेषा मारायला लावली. निब शीटवर घसरतो, शाई गोळा होते. माझी रेषा बघून ताईंची मुलगी हसली. तिला लहानपणापासून येतं म्हणे, सुट्टीत आईसोबत स्टुडिओत बसायची.

पिंगुळीला उशीर झाला. चित्रकथी बघताना ताई सगळ्यात पुढे. रंग संपल्यावर रेषा काढलीय की आधी, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी सगळ्यात मागे, कारण मला पानांचा क्रम बघायचा होता: कुठे प्रसंग एका चित्रात आटोपलाय, कुठे दोनतीन चित्रं घेतलीत. युद्धाला चित्रं जास्त लागतात. आमच्याकडेही!

सांजवातच्या घरी पोथ्या भाद्रपदानंतरचं ऊन पडलं की माजघरात उघडून ठेवतात, थेट उन्हात नाही. प्रयोगवही म्हणाली, सेल्सचंही तेच करा. ऑक्टोबरमध्ये पिशव्यांतून काढून, कागद बदलून, हवेशीर खोलीत दोन दिवस. सप्टेंबरअखेर या धाग्यावर कोणीतरी आठवण करा.

ए-डी स्ट्रिपचं पाकीट सगळ्यांत मिळून मागवतोय. ज्यांना हवं त्यांनी व्यनि.

निवांत_नाना | १६ मे, सकाळी ६:३०

पुणेरीची बातमी खोटी आसा. आंबे कसे होते ता लिवलंस नाय.

चौलची_वाट | १८ मे, दुपारी ४:१०

नवीन सदस्य. अलिबागजवळ राहतो. बाबा मुंबईत ॲनिमेशनच्या कॅमेऱ्यावर होते, गेल्या वर्षी गेले. माळ्यावर त्यांचा एक पत्र्याचा डबा आहे, झाकण घट्ट. परवा उघडला तर आंबट वास आला, आत पारदर्शक शीटची चवड, काही एकमेकांना चिकटलेली, वर रंग. आई म्हणते खराब झालंय, पावसाच्या आधी माळा साफ करायचाय, टाकून दे. हा धागा शोधताना सापडला. टाकू का?

प्रयोगवही | १८ मे, दुपारी ४:१४

टाकू नका. माळ्यावरून आत्ताच खाली आणा, झाकण काढून सावलीत, वारा येईल अशा जागी ठेवा. लहान मुलांपासून लांब. चिकटलेली शीटं ओढू नका. पुसू नका. फोटो काढा, वरून आणि बाजूने.

ब्रशवाली | १८ मे, दुपारी ४:३५

डब्यावर किंवा शीटच्या कडेला काही नंबर, जाहिरातीचं नाव, कोणाची आद्याक्षरं आहेत का बघा. पेन्सिलने असतील, बारीक. आणि बाबा कोणत्या सालात कामाला होते ते सांगाल का?

चौलची_वाट | १८ मे, संध्याकाळी ५:२०

खाली आणलं. आई कटकट करतेय. कडेला नंबर आहेत, दोन-तीन शीटवर इंग्रजी अक्षरं. बाबा साधारण १९७८ ते १९९१. फोटो टाकतो रात्री, लाइट आली की.

पागोळी | १८ मे, संध्याकाळी ५:२६

आईंना सांगा, रविवारी दोन बायका आणि एक ठाणेकर बघायला येतायत, तोपर्यंत डबा तिथेच असू दे. ताई, तुम्हाला गुहागरहून न्यायला कट_नंबर_४७ गाडी घेऊन येईल, त्याने ‘आत्ता निघतो’ म्हटलेलं अजून बाकी आहे.